तबकडीची पाठ

छ्याकाकांचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ज्यांना ठाऊक होतं तेही ते वापरत नसत. दिवसातून पन्नास वेळा ज्याच्या तोंडून "छ्या!" निघतं, त्याला दुसरं कोणतं नाव चिकटणार? चहात साखर जास्त पडली, छ्या. कमी पडली, छ्या. शेजारच्या पंक्चरवाल्याने रेडिओ लावला, छ्या. त्याने रेडिओ बंद केला की त्याचं नाक ओढणं ऐकू यायचं, त्याला तर दोनदा छ्या. बायको म्हणायची, "देवाने यांना नाक दिलं ते श्वास घ्यायला नाही, मुरडायला दिलं."

धंदा मात्र अशा माणसाला शोभणारा नव्हता. ते जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरची मीटरं दुरुस्त करत. वेगाचं मीटर, पेट्रोलचं, इंजिनाच्या उष्णतेचं, तेलाच्या दाबाचं, आणि एखादी गाडी ऐटबाज असली तर तिच्यातलं घड्याळ. नव्या गाड्यांत काटे नसतात, पडदा असतो. त्यांच्याशी काकांना काही देणंघेणं नव्हतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या, ज्यांना त्यांचे मालक पोटच्या पोरांपेक्षा जास्त पुसतात, त्यांची मीटरं त्यांच्याकडे यायची. दुकान म्हणजे रस्त्यापासून सहा पायऱ्या खाली उतरल्यावर एक लांबोळकी खोली. खिडकी छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. छ्याकाका बुटांवरून माणूस ओळखत, आणि बहुतेक बूट त्यांना आवडत नसत.

लोकांना वाटतं, जुनी गाडी म्हणजे चामड्याचा मंद वास, लाकडाची झिलई आणि आठवणी. त्या आठवणींच्या मागे एकदा हात घालून बघा म्हणावं. उंदरांची घरटी, घरट्यात वाळलेली पिल्लं, चघळून चिकटवलेला डिंकासारखा खाऊ, नखांचे तुकडे. काचेच्या आतल्या बाजूला तीस वर्षांच्या सिगरेटींचा तपकिरी चिकट थर, तो ओल्या कापसाने पुसला की कापूस असा दिसायचा की जेवणावरची वासना उडावी. एकदा एका मोठ्या वकिलाच्या गाडीतून अर्धी कवळी निघाली होती. काकांनी ती चिमट्यात धरून परत केली, तर वकिलाने आनंदाने खिशात टाकली! त्या दिवशी काका घरी जेवले नाहीत.

पण ही घाण धुता येते. न धुता येणारी घाण माणसाच्या तोंडातून यायची. गिऱ्हाईक आधी काच बदला म्हणायचं, मग काटे रंगवा, मग कड्याला चकाकी द्या. मग जरा पुढे वाकून, आवाज खाली आणून, "आणि काका, आकडा थोडा मागे घेता येईल का?" आकडा म्हणजे गाडी आजवर किती किलोमीटर पळाली तो. ऐंशी हजार पळालेली गाडी तीस हजारांची म्हणून खपवायची, आणि घेणाऱ्याने आयुष्यभर इंजिन उघडत बसायचं. हे वाक्य ऐकलं की काकांचा चेहरा कुजकं काहीतरी चावल्यासारखा व्हायचा. मीटर टेबलावरून उचलून ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे आणि बोट पायऱ्यांकडे करायचे. वाद नाही, भाषण नाही. फक्त, "छ्या!"

त्यामुळे त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. जुनी गाडी घेणारा माणूस आधी विचारायचा, छ्याकाकांनी मीटर पाहिलंय का? ते म्हणतील ती पूर्व दिशा. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सिस्टरबाईंनी तर आपली छोटी निळी गाडी बारा वर्षांपूर्वी निव्वळ त्यांच्या शब्दावर घेतली होती. सिस्टरबाई म्हणजे बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका. अर्धी वस्ती त्यांच्या हातावर जन्मली होती, काकांची मुलगीसुद्धा. सगळ्या जगात छ्याकाका ज्यांना छ्या म्हणत नसत अशा त्या एकट्या.

या धंद्यात एक रीत होती, ती बाहेरच्यांना ठाऊक नसे. मीटर उघडलं की आतली तबकडी, म्हणजे आकडे आणि रेघा छापलेली ती गोल चकती, सुटी करायची. तिच्या पाठीवर पेन्सिलने लिहायचं: आज आकडा किती होता, तारीख, आणि आपली खूण. मग बंद करायचं. वीस वर्षांनी दुसऱ्या कुणी ते उघडलं की त्याला आधीच्याचं लिहिलेलं सापडायचं, आणि तो खाली आपली ओळ लिहायचा. काकांचे वस्ताद, ज्यांच्याकडे ते हे काम शिकले आणि ज्यांच्यामागे हे दुकान त्यांच्याकडे आलं, ते म्हणायचे, "पुढची बाजू गिऱ्हाइकाची, पाठ आपली. पुढे कोण काय खोटं बोलेल त्याला आपण काय करणार? पाठीवर खोटं नाही बोलायचं." वस्तादांनी शिकवताना कधी शिवी दिली नाही, पण शाबासकीही दिली नाही. काम चांगलं झालं तर ते काहीच बोलत नसत. वाईट झालं तर परत करायला लावत. एवढाच फरक.

तर एके दिवशी सकाळी खिडकीतून टोकदार, आरशासारखे चकचकीत बूट दिसले, आणि काकांनी हातातलं काम खाली ठेवण्याआधीच नाक मुरडलं.

बुटांबरोबर जुन्या गाड्यांचा एक दलाल पायऱ्या उतरून आला. अंगावर एवढं अत्तर की खोलीतला तेलाचा वास घाबरून कोपऱ्यात गेला. त्याने दुलईत गुंडाळलेली डॅशबोर्डची अख्खी पट्टी टेबलावर ठेवली आणि बाळाचं दुपटं सोडावं तशी दुलई सोडली.

"काय चीज आहे बघा काका! अहो, दागिना आहे दागिना."

काकांनी बघितलं. वेगाचं मोठं मीटर मधे, पेट्रोलचं आणि उष्णतेचं दोन बाजूंना. काचा पिवळ्या पडलेल्या. पट्टीवर कुणीतरी चॉकलेटी रंग फासला होता, तो स्क्रूच्या खाचांतही गेला होता. आकडा होता ३८,४१२.

"रंग कुणी लावला हा? पायाने लावला?"

"ते जाऊ द्या. एकहाती गाडी आहे. मालक फक्त रविवारी काढायचा. तीस-एक वर्षं तर शेडमधे उभीच होती. तुम्ही फक्त काचा, काटे, कड्यांची चकाकी बघा. आणि आत ते निळे दिवे टाका, हल्ली लोकांना आवडतात."

"निळे दिवे? मीटर आहे का न्हाव्याचं दुकान?"

दलाल हसला. काही माणसांना अपमान लागत नाही, कारण लागायला आत काही असावं लागतं. तो म्हणाला, "बरं, पिवळे टाका. आणि आकड्याला हात लावायचा नाही हं काका, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. उलट मला दुसरंच हवंय. ह्या मीटरच्या मागे तुमच्या दुकानाची जुनी चिठ्ठी चिकटवलेली आहे. म्हणजे कधीतरी इथेच उघडलंय. मला एकजण म्हणाला, तुम्ही लोक तबकडीच्या पाठीवर खरा आकडा लिहिता. तेवढा एक फोटो काढू द्या. गाडी सिस्टरबाई घेतायत."

"कोण सिस्टरबाई?"

"आपल्याच हो! वडिलांची अशीच गाडी होती म्हणे त्यांच्या. आपली निळी गाडी विकतायत ही घ्यायला. पण पाठीवरच्या आकड्याचं मी सांगितलं तर म्हणाल्या, छ्याकाकांनी पाठ दाखवली तरच घेईन. चार वाजता घेऊन येतो त्यांना." जाता जाता पायरीवर थांबून तो म्हणाला, "तुमच्यासारखा हात या धंद्यात दुसरा नाही, काका. खरं सांगतो."

हे शेवटचं वाक्य ऐकून छ्याकाकांनी पुन्हा नाक मुरडलं. अत्तरामुळे नाही. हेच वाक्य, जवळजवळ असंच, त्यांना फार पूर्वी एकाने म्हटलं होतं, आणि तेव्हापासून कुणी त्यांच्या हाताची तारीफ केली की ती त्यांना नकोशी व्हायची. त्यांनी ओला कापूस घेतला आणि काम सुरू केलं.

आधी पेट्रोलचं मीटर उघडलं. तबकडी सुटी करून उलटी केली. पाठीवर जांभळ्या पेन्सिलीतलं, किंचित डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. वस्तादांचं. ८५,९०२, तारीख, आणि त्यांची खूण, एक छोटा बाण. तारीख चौतीस वर्षांपूर्वीची.

चौतीस वर्षांपूर्वी पंच्याऐंशी हजार, आणि आज पुढे अडतीस हजार. काकांनी भिंग खाली ठेवलं. ही कुठली गाडी ते त्यांना कळलं. तेव्हा ती राखाडी होती.

तेव्हा छ्याकाका काका नव्हते आणि छ्या तर मुळीच म्हणत नव्हते. वय चोवीस, नवं लग्न, वस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं झालेली. या जातीच्या मीटरची काच एका कड्याने बसवलेली असते, आणि त्या कड्याची कडा मागे डब्यावर दुमडलेली असते. मीटर उघडायचं तर ती दुमड उलगडावी लागते, आणि उलगडली की पत्र्यावर खुणा राहतात. वस्ताद म्हणायचे, खूण न ठेवता हे कडं उघडणारा माणूस मी पाहिला नाही. ते वाक्य या गड्याच्या डोक्यात घुसलं. त्याने घरी बसून लाकडाची एक पातळ पाचर तासली. कड्याला मेणबत्तीची ऊब द्यायची आणि पाचरीने ते केसाकेसाने उचलायचं, असं त्याने भंगारातल्या मीटरांवर महिनाभर करून पाहिलं. जमलं.

वस्ताद दोन दिवस बहिणीकडे गेले असताना एक गाड्या विकणारा आला. गोड बोलणारा, आणि हा त्याच्या पुढ्यात बसलेला. "वस्तादांना नाही जमणार हे," तो म्हणाला, "पण तुझा हात वेगळा आहे. असा हात या धंद्यात दुसरा नाही." हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुरे झालं. पैशाचं काही विशेष नव्हतं, गरजही नव्हती. आई आजारी नव्हती, घर गहाण नव्हतं. असं काही असतं तर काकांना पुढची चौतीस वर्षं थोडी बरी गेली असती. त्यांनी आकडा मागे घेतला तो निव्वळ घेता येतो म्हणून, आणि कुणीतरी बघतंय म्हणून. ८६,२१४ चे ३१,२१४ केले. कड्यावर खूण राहिली नाही. विकणाऱ्याने टाळी दिली आणि यांनी ती घेतली.

आणि मग त्यांच्या हातून अशी चूक झाली, जी दुसऱ्या कुठल्याही चोराने केली नसती. तबकडी उघडी होती. उघडलेल्या तबकडीवर लिहायचं, ही सहा वर्षांची सवय. खरा आकडा लिहावा तर पुढे कधी वस्तादांच्या हाती लागेल. न लिहावं तर हात ऐकेना. कोरी पाठ बंद करणं त्यांना जमेचना. त्यांनी पेन्सिल घेतली आणि ३१,२१४ लिहिलं. खाली तारीख, खाली स्वतःची खूण.

गाडी गेली. वस्ताद आले. पुढे तेरा वर्षं दोघांनी एका टेबलावर डबा खाल्ला, आणि मग वस्ताद गेले. पण आकडा मागे घेतला त्या दिवसापासूनच या माणसाला जगात सगळीकडे घाण दिसायला लागली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. आकडा मागे घ्या म्हणणारा प्रत्येक माणूस त्यांना टाळी द्यायलाच आल्यासारखा वाटायचा.

आता ते मीटर पुन्हा समोर होतं. पाचर अजून खणात होती. त्यांनी ती काढली, मेणबत्ती पेटवली. कडं केसाकेसाने उचललं. पूर्वीपेक्षा वेळ लागला, पण उचललं. तबकडी सुटी केली आणि खिडकीखाली नेऊन उलटी धरली.

वर त्यांची स्वतःची ओळ होती. ३१,२१४. तरुण, टोकदार, चढेल अक्षर. बघून त्यांना किळस आली, आपल्याच तोंडातला घास काढून बघितल्यासारखी.

पण पाठीवर ती एकच ओळ नव्हती. खाली जांभळी पेन्सिल होती. तारीख आठच दिवसांनंतरची. बहुधा वेगाचा काटा अडकला असेल, गाडी परत आली असेल, काका तेव्हा कुठे बाहेर गेले असतील. वस्तादांनी दोन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने ८५,९०२ लिहिलं होतं. पुढे एकतीस हजार बघून त्यांना कळायला किती वेळ लागणार? त्यांनीही मग मोठं मीटर उघडलं होतं, वरच्या ओळीतल्या शेवटच्या तीन आकड्यांवरून खरा आकडा जुळवला होता. आणि पुढे कधीतरी ते उघडणाऱ्या, ओळख ना देख अशा माणसासाठी लिहिलं होतं:

"खरे ८६,२१४. वरचे आमच्या गड्याचे काम. हात चांगला आहे. शिकेल."

खाली छोटा बाण.

छ्याकाका स्टुलावर बसले. म्हणजे वस्तादांना माहीत होतं. तेरा वर्षं समोर बसून डबा खाताना, लोणच्याची फोड पुढे सरकवताना, दुकानाच्या किल्ल्या हातात देताना, माहीत होतं. एका शब्दाने बोलले नाहीत. आणि हात चांगला आहे! ज्या तीन शब्दांसाठी एकोणीस वर्षं तोंडाकडे बघितलं, ते तीन शब्द त्यांनी नेमके इथे लिहून ठेवले होते, या घाणीच्या खाली.

बायको चहा घेऊन खाली आली तेव्हा ते तसेच बसले होते. चहा पुढे ठेवूनही छ्या आली नाही, म्हणून ती घाबरली.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

त्यांनी तबकडी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासून, गाड्या विकणाऱ्याच्या टाळीपर्यंत आणि पुढे. तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही स्वतःलाच छ्या म्हणत होता, आणि मी मेली साखर कमी-जास्त करत बसले?"

"चार वाजता सिस्टरबाई येणार आहेत."

"मग?"

"त्या दलालाला फक्त पाठीवरच्या आकड्याचा फोटो हवाय. खालची ओळ खोडरबराने गेली तर..." खोडरबर टेबलावरच होतं.

बायको म्हणाली, "बाईंनी आपली पोरगी उलटी होती ती हाताने फिरवून बाहेर काढली. तेवढं लक्षात ठेवा, आणि मग काय खोडायचं ते खोडा." आणि कप न उचलताच वर निघून गेली.

खोडरबर काही मोठी वस्तू नाही. पेन्सिलीची एक ओळ पुसायला दोन मिनिटं लागतात. सिस्टरबाईंना वडिलांसारखी गाडी मिळाली असती. तिचं इंजिन अडतीस हजारांचं नसून त्र्याण्णव हजारांचं आहे, हे त्यांना दोन-तीन वर्षांनी कळलं असतं, आणि तेव्हा कोण म्हणणार होतं की काकांनी फसवलं? काकांचा शब्द चार गल्ल्यांत जसाच्या तसा राहिला असता. एवढंच की "हात चांगला आहे" हे सुद्धा पुसलं गेलं असतं. काकांनी खोडरबर उचलून बघितलं आणि त्यांना स्वतःची एवढी शिसारी आली की ते त्यांनी खणात टाकून खण पायाने ढकलला. खोडण्याचं कारण आणि न खोडण्याचं कारण, दोन्ही आपल्याच कौतुकाशी येऊन थांबतात, हे त्यांना दिसलं. छ्या! इतक्या वर्षांत काहीच बदललं नव्हतं.

चार वाजता खिडकीत टोकदार बूट आले आणि त्यांच्यामागे पांढरे, सपाट, दवाखान्यात घालतात तसले. सिस्टरबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. चेहरा लहान मुलीसारखा फुललेला.

"काका, आतून बघितलीत ना? आमच्या वडिलांची हिरवी होती. मी मधल्या मीटरकडे बघत बसायचे आणि काटा साठावर गेला की ओरडायचे. दाखवा बघू पाठ. हे म्हणतायत, तुमचंच अक्षर असणार."

"अक्षर माझंच आहे," काका म्हणाले. त्यांनी तबकडी आणि भिंग त्यांच्यापुढे धरलं. "पण बाई, दोन्ही ओळी वाचा. मोठ्याने वाचा, म्हणजे यांनाही ऐकू येईल."

बाईंनी वाचलं. पहिली ओळ, मग दुसरी. "आमच्या गड्याचे काम" इथे त्या थांबल्या, चष्म्यावरून काकांकडे बघितलं, आणि पुढचं हळू वाचलं.

"गडी मी," काका म्हणाले. "आकडा मी मागे घेतला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वर खोटं लिहिलं तेही मीच. गाडी त्र्याण्णव हजार पळालेली आहे. घेऊ नका."

दलालाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो काका, काय बोलताय! चौतीस वर्षांपूर्वीचं कोण काढतं? आणि बाई, गाडी कशी चालते ते महत्त्वाचं, आकड्याचं काय एवढं..."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या. प्रसूतीच्या खोलीत नवऱ्यांना गप्प करणारा तो आवाज होता. त्या काकांकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरची मुलगी निघून गेली होती. काकांना वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या, तेव्हा लहान होता, निदान आज तरी खरं बोललात. असं काहीतरी त्यांना ऐकायचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"माझी निळी गाडी मी तुमच्या शब्दावर घेतली," बाई म्हणाल्या. "तिच्या पाठीवर काय लिहिलंय?"

"खरं लिहिलंय."

"असेल." त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "पण आता मला उघडून बघावं लागेल. उद्या सकाळी आणते. माझ्यासमोर उघडा."

"आणा."

पायऱ्यांशी गेल्यावर त्या वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, राग काकांना परवडला असता. दवाखान्यातल्या अस्वच्छ टेबलाकडे बघावं तसं त्यांनी काकांकडे बघितलं आणि तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "छ्या." मग कठड्याला धरून वर गेल्या.

दलाल बरंच काही बोलला. त्यातलं अर्धं काकांच्या आईबद्दल होतं. शेवटी म्हणाला, "बंद करून द्या माझी वस्तू. होती तशी. एक ओरखडा दिसला तर बघा."

"पुढची बाजू तुमची," काका म्हणाले. पुढच्या आकड्याला त्यांनी हात लावला नाही. तबकडी उलटी ठेवली आणि जांभळ्या ओळीखाली पेन्सिल टेकवली. या वेळी अक्षर चढेल आलं नाही. आजची तारीख घातली. "पुढे ३८,४१२, खरे ९३,४१२. पहिली ओळ खोटी, मी लिहिली." खाली खुणेच्या जागी आपलं पूर्ण नाव लिहिलं, जे गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग तबकडी बसवली, काच बसवली, कडं चढवलं. मेणबत्ती विझलेली होती. ती त्यांनी पुन्हा पेटवली नाही, आणि पाचरही घेतली नाही. साधी लोखंडी पक्कड घेतली आणि कड्याची दुमड चार ठिकाणी चांगली दाबली. पत्र्यावर चार खोल, ओबडधोबड खुणा उमटल्या. असलं काम वस्तादांनी परत करायला लावलं असतं.

"हे काय केलंत?" दलाल ओरडला.

"उघडलंय हे कळलं पाहिजे," काका म्हणाले, आणि दुलई त्याच्या अंगावर टाकली.